साडूच्या खिडकीतला जांभळा उजेड

षड्‌रिपूंच्या यादीत मत्सराला ज्याने सहावा क्रमांक दिला त्याला साडू नसावा, असे प्राध्यापक सोपान रूपनवर यांचे ठाम मत होते. काम, क्रोध वगैरे मंडळी वयाबरोबर थकतात. मत्सराला मात्र रोज सायंकाळी सातच्या सुमारास नवी पालवी फुटते. निदान बारामतीतल्या त्या वसाहतीत, सोपानरावांच्या गच्चीवर, कुंड्यांना पाणी घालताना ती फुटत असे. कारण नेमक्या त्याच वेळी मागच्या गल्लीतल्या दुमजली घराच्या खिडकीत जांभळा उजेड लागे. जांभळ्याचा निळा होई, निळ्याचा हिरवा होई, आणि हिरव्याचा पुन्हा जांभळा होईपर्यंत कुंडी भरून वाहिलेले पाणी सोपानरावांच्या चपलेत शिरलेले असे.

तो उजेड अविराजच्या गेमिंग कॉम्प्युटरचा. अविराज हा सोपानरावांचा साडू, म्हणजे त्यांच्या पत्नी सोनलताईंच्या धाकट्या बहिणीचा, रेश्माचा, नवरा. ठिबक सिंचनाच्या नळ्या विकण्याचा त्याचा धंदा. त्याच्याविरुद्ध सोपानरावांची तक्रार एकच होती, पण ती मूलगामी होती: हा मनुष्य एकही ग्रंथ शेवटपर्यंत न वाचता सुखी होता.

उजेड एक वेळ सहन झाला असता. पण त्या उजेडात सोपानरावांची तेरा वर्षांची मुलगी बसलेली असे. शाळेच्या दाखल्यावर राजलक्ष्मी, घरात छकुली. ही मुलगी पूर्वी वडिलांना विचारी. चंद्र दिवसा का दिसतो, शून्याने भागले तर नेमके काय बिघडते, उसाला तुरा येतो तर त्याला फूल का म्हणायचे नाही. सोपानराव तर्कशास्त्र शिकवत. स्वतःहून प्रश्न विचारणारा विद्यार्थी त्यांना महाविद्यालयात बावीस वर्षांत भेटला नव्हता. तो घरातच आमटी ओरपत बसलेला असे, आणि तेवढ्यावर त्यांचे आयुष्य चालले होते. गेल्या दिवाळीपासून प्रश्न बंद झाले. आता जेवताना प्रत्येक वाक्य 'काकांकडे' या शब्दाने सुरू होई. काकांकडे गेम अडकत नाही. काकांकडे खुर्ची गोल फिरते. काकांकडे आज नवीन पंखा बसवला.

"आपल्याकडेही कॉम्प्युटर येईल," एके दिवशी सोपानराव ताटावरून म्हणाले. "आयता मात्र नाही. आयता आणणे हे खिशाचे काम. भाग निवडून जुळवणे हे बुद्धीचे. मी स्वतः जुळवणार आहे."

छकुली घास हातात धरून त्यांच्याकडे पाहत राहिली. सोपानरावांना ते कौतुक वाटले.

"मागे तुम्ही मिक्सरचं भांडं बसवलं होतं," सोनलताई म्हणाल्या.

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. भिंतीवर चटणीचा डाग अजून आहे, म्हणून आठवलं."

दुसऱ्या दिवसापासून तक्ता सुरू झाला. सोपानराव कोणतीही गोष्ट तक्त्याशिवाय करत नसत. लग्नसुद्धा त्यांनी तक्ता करून केले होते, आणि सोनलताईंना त्यात आपण कोणत्या रकान्यात उत्तीर्ण झालो हे अद्याप कळलेले नव्हते. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, वीज पुरवणारा एसएमपीएस, आणि हे सर्व ज्यात नांदते ती काचेची पेटी, म्हणजे कॅबिनेट. प्रत्येकाचे गुण, दोष, पर्याय आणि पर्यायांचे दोष. तक्ता चौदा पानांचा झाला. ज्या मंडळींनी विद्यापीठात त्यांचा प्रबंध सहा वर्षे कपाटात ठेवला, त्यांच्यापैकी एकालाही असा तक्ता जमला नसता, हे त्यांनी स्वतःशी शांतपणे नमूद केले.

"बाबा, सॉकेट बघितलं का?" छकुलीने दारातून विचारले.

सोपानरावांचे हृदय भरून आले. वर्षाने प्रश्न आला होता. पण गुरूने घाई करू नये. "तक्ता पूर्ण होऊ दे," ते म्हणाले. "मग तू विचार, मी क्रमाने उत्तरे देईन."

"पण बाबा, सॉकेट—"

"क्रमाने."

ती गेली. मागच्या गल्लीत जांभळा उजेड लागला.

शेजारच्या दगडाबाई एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्या होत्या आणि दोनशे माणसांच्या आमटीचा अंदाज चुकू न देणाऱ्या बाईला जगातली कोणतीही वस्तू परकी नसते, असा त्यांचा विश्वास होता. त्यांनी तक्ता हातात घेऊन वजन केले.

"सर, डबा मोठा घ्या," त्या म्हणाल्या. "बाकीचं पुढचं पुढं. डबा ल्हान आसला की मानसाची नियत ल्हान व्हती."

सोपानरावांनी औपचारिक आभार मानले, आणि रात्री पान अकरावर मोठी कॅबिनेट लिहिली. त्याचे श्रेय दगडाबाईंना देण्याची आवश्यकता त्यांना वाटली नाही.

इथवर सर्व शास्त्राप्रमाणे चालले होते. मग शास्त्रात भावकी शिरली.

सोपानरावांचे सासरे तात्याबा वरकुट्याला राहत. त्यांचा मुलगा ऋषिराज याचे बारामतीत कॉम्प्युटरचे दुकान होते, आणि त्यांच्या दिवंगत भावाचा मुलगा यशराज याचे इंदापुरात तसेच दुसरे. दोन्ही घरांच्या शेतांमध्ये एक बांध होता आणि बांधावर एक बाभूळ होती. तिची सावली कोणाच्या वाट्याची यावरून दोन्ही घरे अकरा वर्षे एकमेकांशी बोलली नाहीत. बाभूळ वादळात पडून आठ वर्षे झाली होती. अबोला तिच्यापेक्षा टणक निघाला. गेल्या वर्षी एका लग्नात दोन्ही घरांची पंगत एकत्र बसली, आणि तेव्हापासून तात्याबा हा समेट पाण्याने भरलेल्या घागरीसारखा डोक्यावर सांभाळत होते.

त्यांनी थोरल्या जावयाला बोलावून घेतले. सोपानराव तक्ता घेऊन वरकुट्याला गेले, तर ओसरीवर अविराज आधीच चहा पीत बसलेला.

"जावईबापू, कागदं ऱ्हाऊ द्या," तात्याबा म्हणाले. "ऋषिराजकडनं समदं घेतलं तर यशराज म्हननार, चुलत म्हनून डावललं. यशराजकडनं घेतलं तर ऋषिराजची आई मला भाकर वाढायची न्हाय. तवा निम्मं ह्यांच्याकडनं, निम्मं त्यांच्याकडनं."

"तात्या, ह्या वस्तू एकमेकींना अनुरूप असाव्या लागतात."

"मानसंबी आसावी लागत्यात. तरी लग्नं व्हत्यातच की."

सोपानरावांनी या विधानातला हेत्वाभास ओळखला, पण सासऱ्याला हेत्वाभास दाखवण्याची सोय आपल्या समाजरचनेत नाही. त्यांनी अविराजकडे पाहिले. अविराजने बशी खाली ठेवली.

"तात्या म्हनत्यात ते खरं हाय, साडूभाऊ," तो म्हणाला. "निम्मं-निम्मं. मीबी तसंच केलं."

तिथेच निकाल लागला. धाकट्या जावयाने राखलेला मान थोरल्याने मोडावा, हे शक्य नव्हते. परतताना गाडीत सोपानरावांना एकच गोष्ट खटकत राहिली: अविराज हसला का नव्हता? तो एरवी प्रत्येक वाक्यानंतर हसत असे.

प्रोसेसर ऋषिराजच्या दुकानातून आला. "दाजी, ह्याच्या वरचं सध्या बारामतीत न्हाय," ऋषिराजने सांगितले, आणि ते खरे होते. मग सोपानराव इंदापूरला गेले. पान नऊवर लिहिलेला मदरबोर्ड यशराजकडे नव्हता. त्याच्याकडे दुसरा होता. शेवटचा नग, डब्याच्या कडेला धूळ.

"खास तुमच्यासाठी ठेवलाय, दाजी. ह्याला तोड न्हाय."

त्याच क्षणी छकुलीचा फोन आला. "बाबा, त्यांना प्रोसेसरचा नंबर सांगा. त्यांचा बोर्ड त्याला बसतो का, एवढंच विचारा."

प्रश्न पाच शब्दांचा होता आणि विचारणे अशक्य होते. नंबर सांगितला की यशराज म्हणणार, प्रोसेसर आधीच घेतला वाटतं, कुठून घेतला? मग ऋषिराजचे नाव निघणार. मग, आधी त्याच्याकडे गेलात आणि माझ्याकडे नंतर आलात, हे निघणार. मग बाभूळ निघणार. ज्या माणसाने परिसंवादात तीन कुलगुरूंना विसंगती दाखवल्या होत्या, तो यशराजच्या काउंटरसमोर डब्यावरची धूळ पुसत उभा राहिला.

"सगळ्याच गोष्टी सगळ्यांना सांगायच्या नसतात," त्यांनी फोनमध्ये हळूच म्हटले, आणि यशराजला ते म्हणाले, "उत्तम आहे. द्या."

मान बरोबर अर्धा-अर्धा व्हावा म्हणून कॅबिनेटही यशराजकडूनच घेतली. ती गाडीत मावेना, कारण दगडाबाईंच्या सल्ल्याने ती मोठी होती. म्हणून ती मालवाहतुकीच्या एका कचेरीत पार्सलला टाकावी लागली. खिडकीवरच्या कारकुनाने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"हितं काय लिहू?"

"कॅबिनेट."

"आत काय हाय?"

"सध्या काही नाही. पुढे त्यात—"

"काच हाय ना? काचेला वेगळा फॉर्म. का यंत्र हाय? यंत्राला कंपनीचं पत्र लागतं."

"ती यंत्राची पेटी आहे. यंत्र त्यात नंतर येणार आहे."

कारकुनाने त्यांच्याकडे, नवरदेवाशिवाय वरात घेऊन आलेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले, आणि पावतीवर लिहिले: 'रिकामा डबा, काचेचा, एक. मोडल्यास जबाबदारी प्राध्यापक.' सोपानरावांनी त्याखाली पूर्ण सही केली. आपल्या हुद्द्याचा उल्लेख कोणत्याही कागदावर इतक्या नेमकेपणाने पूर्वी झाला नव्हता.

जुळणीसाठी रविवार ठरला. सोपानरावांनी इस्त्रीचा सदरा घातला. तात्याबा वरकुट्याहून आले, अविराज आणि रेश्मा आली, दगडाबाई बोलावल्याशिवाय आल्या. ऋषिराज आणि यशराज दोघांनाही आमंत्रण होते, म्हणून दोघेही आले नाहीत. मेजावर स्वच्छ चादर, तिच्यावर सर्व भाग ओळीने मांडलेले. छकुली हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभी होती.

"हा मदरबोर्ड," सोपानराव म्हणाले. हा क्षण त्यांनी चार आठवडे मनात घोळवला होता. "आणि हा प्रोसेसर. हा इथे, या चौकोनात, अलगद विसावतो."

तो विसावला नाही. त्यांनी फिरवून ठेवला. चारही बाजूंनी ठेवून पाहिला. चौकोन एका मापाचा होता, प्रोसेसर दुसऱ्या मापाचा. मुलगी परक्या घरी जेवायला बसावी तसा तो कडेवर अवघडून राहिला.

"नवा बैल हाय," तात्याबा म्हणाले. "जुवाखाली मान घालाया येळ लागतो."

"दार फुगलं की आमी वाईच रंधा मारतो," दगडाबाई म्हणाल्या. "आनू का?"

सोपानरावांनी अंगठा टेकवला.

"बाबा, दाबू नका," छकुली म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तो बसणार नाही. हा चौकोन म्हणजेच सॉकेट, ते वेगळं आहे. तो ह्या बोर्डावर कधीच बसणार नाही."

"तुला काय ठाऊक?"

तिने अविराजकडे पाहिले, आणि अविराजने चहाच्या कपात पाहिले.

सोपानरावांनी आतल्या खोलीत जाऊन दोघांनाही फोन लावला. ऋषिराज म्हणाला, "दाजी, प्रोसेसर परत कसा घिऊ? उद्या यशराज गावभर सांगंल, ऋषिराजचा माल परत आला. बोर्ड बदला की." यशराज म्हणाला, "बोर्डात खोट न्हाय, दाजी. पाटा चांगलाच हाय. वरवंटा तुमी भलत्याच घरनं आनलाय." दोघांचेही म्हणणे सुसंगत होते. दोन सुसंगत विधानांमध्ये एक मनुष्य कसा चिरडला जातो, यावर तर्कशास्त्रात एकही प्रकरण नाही.

ते बाहेर आले तेव्हा अविराज खोलीत नव्हता. दहा मिनिटांनी तो परतला. हातात एक लहान खोका होता, आणि खोक्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

"गच्चीवर चला, साडूभाऊ," तो म्हणाला.

वर कुंड्यांजवळ त्याने खोका पुढे केला. "ह्यो प्रोसेसर तुमच्या बोर्डावर बसंल. यशराजच्या दुकानचाच हाय. गेल्या दिवाळीपासनं रेश्माच्या साड्यांखाली व्हता."

सोपानरावांनी खोका हातात घेऊन उलटून पाहिला.

"मीबी निम्मं-निम्मं केलं व्हतं," अविराज म्हणाला. "बोर्ड ऋषिराजचा, प्रोसेसर यशराजचा. असाच आडला. कुनाला बोललो न्हाय. गपचूप पुन्यावरनं दुसरा मागवला."

"म्हणजे तुम्हाला हे ठाऊक होते."

"व्हय."

"आणि वरकुट्याच्या ओसरीवर तुम्ही म्हणालात की—"

"म्हनालो."

"का?"

अविराजने कुंडीतल्या गुलाबाचे एक वाळके पान तोडले. "तुमी थोरलं जावई. चौदा पानं घिऊन आला. म्हटलं, चौदा पानांच्या मानसालाबी ह्ये कळलं न्हाय, तर मला कळलं न्हाय ह्यात काय बिघडलं? वरीसभर लई लाज वाटत व्हती. येकट्याला."

सोपानरावांकडे या क्षणासाठी सात-आठ वाक्ये तयार होती, त्यांपैकी दोन तर संस्कृतात होती. पण जिज्ञासा हा त्यांचा मूळचा दोष होता. "मग तुमचा कॉम्प्युटर चालू कोणी केला?"

"तुमच्या पोरीनं."

खाली रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

"तिनंच वळखलं सॉकेट येगळं हाय म्हनून," अविराज म्हणाला. "पुन्यावरनं कंचा मागवायचा ते तिनं सांगितलं. वायरी तिनं जोडल्या. मला चालू करायचं बटनबी तिनंच दावलं. मी निस्ता उजेडाचा रंग ठरवला व्हता, पिवळा. त्योबी तिनं बदलून जांभळा केला. मीच शपत घातली, तुज्या बाबांना यातलं सांगू नगंस. तरी पोरगी तुमाला सॉकेट-सॉकेट करत ऱ्हायली आसंल."

राहिली होती. वर्षाने आलेल्या प्रश्नाचा सोपानरावांनी मनातल्या मनात किती सत्कार केला होता. तो प्रश्न नव्हताच; ते उत्तर होते, आणि त्यांनी त्याला रांगेत उभे केले होते.

"आन् येक ऐका," अविराज जरा कडवटपणे म्हणाला. "वरीसभर माझ्या घरात बसून ती काय म्हनती? बाबा म्हनतात, आधी पुरावा बघायचा. बाबा म्हनतात, दोन गोष्टी येकदम बदलायच्या न्हाईत. आता रेश्माबी मला तेच सुनावती. माझ्या घरात, माझ्या लाइटीत, तुमचं नाव माझ्यापरीस जास्त निघतं. मला काय गोड वाटत आसंल?"

आपला मत्सर हा एकतर्फी आणि म्हणून थोर आहे, अशी सोपानरावांची समजूत होती. साडू त्यातही निम्म्याचा भागीदार निघाला.

ते खाली आले तेव्हा छकुली म्हणाली, "शपथ सुटली ना काका?" आणि उत्तराची वाट न पाहता तिने पाठीमागचे हात पुढे घेतले. खोक्यातला प्रोसेसर त्या चौकोनात टेकवताच तो आवाजही न करता बसला. तिने उष्णता वाहून नेणारी पेस्ट मटाराएवढी लावली, पंखा कसला, वायरी ओवल्या. सोपानराव तिला स्क्रू देत होते, एकेक, मागेल तो. मध्येच तिचा एक प्रश्न आला, "बाबा, बारका स्क्रू कुठाय?" आणि त्याचे उत्तर त्यांना येत होते.

"पण नवा प्रोसेसर उरला की," सोनलताई म्हणाल्या.

"तो काकांच्या बोर्डाला बसतो," छकुली म्हणाली. "त्यांच्या आत्ताच्यापेक्षा एक पायरी वरचा आहे."

"मंग साटंलोटं झालं," तात्याबांनी निवाडा दिला. "ह्यांची पोरगी त्यांच्यात, त्यांची ह्यांच्यात. दोन्ही घरं ऱ्हाती. ऋषिराजचा माल परत न्हाय, यशराजचा न्हाय. मी आदीच म्हनलं व्हतं, निम्मं-निम्मं."

अशा रीतीने, चार आठवड्यांच्या संशोधनानंतर निवडलेला, बारामतीत ज्याच्यावर दुसरा नव्हता असा प्रोसेसर सोपानरावांनी स्वतःच्या हाताने साडूच्या हातात ठेवला, आणि साड्यांखाली वर्षभर पडलेला जुना स्वतःच्या घरात नांदवला. त्या क्षणी त्यांनी चेहरा अतिशय शांत ठेवला. ज्ञानेंद्रिये आवरणे सोपे असते. चेहरा आवरायला तपश्चर्या लागते.

कॉम्प्युटर सुरू झाला. पहिला खेळ शेतीचा लावला, कारण तात्याबांना पुढे बसवायचे होते. त्यांनी पाच मिनिटांत पडद्यावर उसाचे पीक कापले जाताना पाहिले आणि माउस खाली ठेवला.

"चिठ्ठी कुठाय?" त्यांनी विचारले. "कारखान्याची तोडीची चिठ्ठी न्हाय, टोळी न्हाय, आन् तोड चालू? ह्ये खोटं हाय."

त्यानंतरचे आठ दिवस सोपानरावांच्या संसारातले सर्वांत सुखाचे होते. छकुली घरी बसे. नवव्या दिवशी ती म्हणाली, "काकांचा आता भन्नाट पळतो, बाबा. बघून येते." आणि सात वाजता मागच्या गल्लीत जांभळा उजेड लागला, पूर्वीपेक्षा ठळक. त्यामागे कोणाचा प्रोसेसर होता हे पाहणाऱ्याला माहीत होते, म्हणून तो अधिकच ठळक दिसला.

पुढच्या रविवारी झाडताना सोनलताईंचा झाडू लागून कॉम्प्युटर बंद पडला. छकुलीने कॅबिनेट उघडली. दोन तास ती खाली मांडी घालून बसली, आणि सोपानराव शेजारी बसून विचारत राहिले: ही वायर कशाची, ही पिवळी का, ही नसली तर काय होते. ती सांगत होती. क्रमाने.

त्याच्या पुढच्या रविवारी झाडू लागला नाही. तरीही कॉम्प्युटर बंद पडला. त्याच्या पुढच्याही रविवारी.

चौथ्या रविवारी सायंकाळी तिने काच बाजूला केली, आत एकदा पाहिले आणि मान वर न करता म्हणाली, "बाबा, दर वेळी तीच वायर का काढता? आता दुसरी काढत जा. मला शोधायला तरी काहीतरी राहू दे."

सोपानरावांनी चष्मा पुसला. प्रतिवाद करण्याजोगा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. "कोणती काढू?" त्यांनी विचारले.

ती दाखवणार, एवढ्यात सात वाजले. सवयीने त्यांची नजर खिडकीतून मागच्या गल्लीकडे गेली. तिथे अंधार होता. जांभळा नाही, निळा नाही, काही नाही. आणि मेजावरचा फोन वाजला.

"साडूभाऊ," अविराजचा आवाज फार गरीब झाला होता, "छकुली हाय का? आमचा आपोआप बंद पडलाय. येक वायर निघाल्यागत दिसती."

सोपानरावांनी मुलीकडे पाहिले. ती मांडीवर स्क्रू ओळीने लावत होती, आणि त्यांच्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होती.

"ती कामात आहे, अविराजराव," ते म्हणाले. "तुम्ही असे करा. आधी एक तक्ता करा."